अर्धशिशी आणि ध्यान: दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीला जाऊ का?

गोदाकाठ
रविवार, रात्री ९.२०

नमस्कार. सिन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी गणित शिकवते. वय ४१, अर्धशिशी (मायग्रेन) १६ वर्षांपासून. डाव्या भुवईच्या टोकाला आधी एक ठणका येतो. तासाभरात तो डोळ्यामागे जाऊन बसतो. मग उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर अजिबात नको. सातवीची पोरं पाढे म्हणायला लागली की मी दारात जाऊन उभी राहते. त्यांना वाटतं बाई बाहेर लक्ष ठेवतायत.

सुंठीचा लेप, वेखंड, कपाळाला घट्ट ओढणी, नाकात तूप, सगळं करून झालं. चष्मा दोनदा बदलला. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावलं, त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात रडले. तेव्हापासून मेडिकलमधून स्वतःच गोळी आणते, ती चार औषधं एकत्र असलेली.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नोंद ठेवते. आडवं पडावं लागलं तर मोठं लाल टिंब, डोकं नुसतं जड असेल तर छोटं, गोळी घेतली तर फुली. गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढली: महिन्याला ७ मोठी टिंबं, ९ छोटी, १३ फुल्या.

माझा धाकटा भाऊ इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आला. म्हणतो, "ताई, तू जाच." आमच्याकडून घोटीमार्गे फार तर दीड तास, आणि दिवाळीची सुट्टी हातात आहे. पण एका सहकारी बाईंनी पाठवलेल्या लेखात दिल्लीच्या एम्सने योगाने मायग्रेन निम्म्यावर आल्याचं सिद्ध केलं असं होतं, आणि भाच्याने दाखवलेल्या दुसऱ्या लेखात अमेरिकेच्या अभ्यासात ध्यानाने डोकेदुखीचे दिवस कमी झालेच नाहीत असं होतं. दोन्ही खरं कसं असेल?

हे अभ्यास मुळातून वाचलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. आकडे द्या, मला आकड्यांची भीती नाही. दिवाळीचे दहा दिवस घर सोडून जाणं सोपं नाही, म्हणून विचारते.


कसारा_लोकल
रविवार, रात्री १०.०५

ताई, मी इगतपुरीला दोनदा बसलोय. माझं दुखणं पाठीचं होतं, डोक्याचं नव्हे, त्यामुळे मायग्रेनबद्दल छातीठोक काही सांगत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी असं वाटतं.

ज्या सत्यनारायण गोयंकांनी हे केंद्र उभं केलं, ते स्वतः अर्धशिशीचे रोगी होते. जन्म मंडालेचा, १९२४ चा. ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी. दुखणं इतकं की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. आता मॉर्फिनचीच सवय लागेल, ही भीती डॉक्टरांनी घातली. परदेशातले डॉक्टर झाले, गुण आला नाही. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि म्हणाले, माझी डोकेदुखी घालवायला शिकायचंय. गुरूंनी नकार दिला. एवढ्या मोठ्या विद्येला एका शारीरिक दुखण्याचं औषध करून तिची किंमत कमी करू नका, मन शुद्ध करायला या, दुखणं गेलं तर तो वरचा लाभ समजा. ही गोष्ट गोयंका गुरुजी स्वतः सांगत. त्यानंतर १४ वर्षं ते गुरूंजवळ शिकले, १९६९ ला भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली.

म्हणून मी भावासारखं सांगतो, जायचं तर जरूर जा, पण फक्त डोकं बरं करायला म्हणून जाऊ नका. दुसरं, दिनक्रम नीट समजून घ्या. पहाटे ४ ला घंटा. दुपारचं जेवण ११ ला. त्यानंतर संध्याकाळी ५ ला नवीन साधकांना चहा-दूध आणि थोडं फळ, बस्स. रात्रीचं जेवण नाही. दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, दहाव्या दिवसापर्यंत मौन. उपाशी राहिलं की तुमचं डोकं उठतं का, हे तुम्हीच ओळखून असाल. फॉर्मवर आजार आणि चालू गोळ्या लपवू नका.


विदा
सोमवार, सकाळी ६.५०

गोदाकाठ, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि झोप लागेना, कारण तुमच्या १३ फुल्या डोळ्यांपुढे होत्या. त्याकडे शेवटी येते, पण बाकी काही वाचलं नाहीत तरी शेवटचा भाग नक्की वाचा.

मी पुण्यात औषध-चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते, १४ वर्षं झाली. मलाही अर्धशिशी आहे, डोळ्यांपुढे नागमोडी चमकती रेघ येणारी. त्यामुळे हे अभ्यास मी नोकरी म्हणून वाचले आणि स्वतःसाठीही.

आधी एम्स. हा अभ्यास २०२० मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. १६० रुग्ण घेतले, ११४ जणांनी शेवटपर्यंत पूर्ण केला. एका गटाला नेहमीचं औषध, दुसऱ्याला तेच औषध अधिक योग: आसनं, श्वसन, शिथिलीकरण. पहिला महिना केंद्रात आठवड्यातून तीन दिवस, पुढचे दोन महिने घरी आठवड्यातून पाच दिवस. योगाच्या गटात महिन्याच्या डोकेदुखीची संख्या ९.१ वरून ४.७ वर आली. नुसत्या औषधाच्या गटात ७.७ वरून ६.८. म्हणजे एकीकडे ४८ टक्के घट, दुसरीकडे १२. गोळ्याही योगाच्या गटात जवळजवळ निम्म्या झाल्या.

आता अमेरिकेचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात रेबेका वेल्स यांच्या गटाने केला, प्रसिद्धी त्याच वर्षाच्या डिसेंबरमधली. ८९ जण, बहुतेक स्त्रिया. एका गटाला आठ आठवडे, आठवड्याला दोन तास, सजगतेचं ध्यान (माइंडफुलनेस), म्हणजे श्वासाकडे, शरीराकडे लक्ष देत जे जाणवतंय ते नुसतं बघणं. ही पद्धत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेली. दुसऱ्या गटाला तितकेच आठवडे, तितकेच तास डोकेदुखीबद्दल शिक्षण: ती का होते, कशाने चाळवते, औषध कधी घ्यावं. निकाल असा की मायग्रेनचे दिवस दोन्हीकडे कमी झाले. ध्यानाच्या गटात महिन्याला १.६ दिवसांनी, शिक्षणाच्या गटात २ दिवसांनी. म्हणजे दिवसांच्या बाबतीत ध्यान वरचढ ठरलं नाही.

दोन्ही खरं कसं? तुम्ही गणिताच्या बाई आहात, म्हणून वर्गातलंच सांगते. पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी गुण पडलेली दहा मुलं निवडा. त्यांना काहीही शिकवू नका. दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी बहुधा वर गेलेली दिसेल, कारण त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता. अर्धशिशीचं तसंच आहे. दुखणं टिपेला पोचतं तेव्हाच माणूस अभ्यासात नाव घालतो, आणि तिथून ते थोडं उतरणारच असतं. शिवाय दर आठवड्याला कुणीतरी दोन तास मन लावून तुमच्या डोकेदुखीबद्दल बोलतंय, हेही औषधच आहे. तुम्हाला पाच मिनिटांत वाटेला लावलं गेलं, त्याच्या अगदी उलट.

वेक फॉरेस्टमध्ये हे लक्ष देणं दोन्ही गटांना समान मिळालं. एम्समध्ये योगाच्या गटाला जास्तीचं मिळालं. त्यामुळे एम्सच्या ४८ टक्क्यांत योगाचा वाटा किती आणि आपुलकीने लक्ष पुरवण्याचा किती, हे त्या रचनेतून वेगळं काढता येत नाही. दोन्ही गटांची सुरुवातही सारखी नव्हती, ९.१ आणि ७.७ बघा. मी एम्सचा अभ्यास कमी लेखत नाही. औषधाच्या जोडीला योग दिला तर माणसाला बरं वाटतं का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना मिळालं. आपल्यासारख्या रुग्णांना तोच प्रश्न जवळचा आहे.

आणि वेक फॉरेस्टच्या बातमीत मथळ्यापुढचं राहून गेलं. दिवस सारखेच कमी झाले, पण ध्यानाच्या गटात त्या दिवसांनी होणारं नुकसान जास्त कमी झालं. काम बुडणं, घरातली कामं अडणं, मन खचणं, 'आता काही खरं नाही' असं वाटणं, या सगळ्यात फरक पडला आणि तो ३६ आठवड्यांपर्यंत टिकला. त्यांनी एक वेगळी तपासणीही केली होती. त्वचेला मोजून मापून चटका द्यायचा आणि किती दुखलं ते विचारायचं. ध्यान शिकलेल्यांना ३६ आठवड्यांनी तोच चटका साधारण एक तृतीयांशाने कमी जाणवला. शिक्षणाच्या गटाला उलट थोडा जास्त.

माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. रोज पहाटे वीस मिनिटं बसते, सहा वर्षं झाली. रात्रीची प्रतिबंधाची गोळी, म्हणजे डोकं उठूच नये म्हणून रोज घ्यायची, न्यूरॉलॉजिस्टने दिली आहे, ती सुरूच आहे. महिन्याचे दिवस ८ वरून ६ वर आले, आणि त्याचं श्रेय गोळीचं की ध्यानाचं हे मी सांगू शकत नाही. पण ऑफिस बुडायचं महिन्याला पाच दिवस, ते आता एखादा दिवस बुडतं. पूर्वी ती नागमोडी रेघ दिसली की माझी छाती धडधडायची, आज मुलीला शाळेतून कोण आणणार, उद्याचा अहवाल गेला, सगळं एकदम. नुसतं 'दुखतंय' आणि 'आता दिवस गेला' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला बसून बसून कळलं. १९४४ मध्ये लेआव नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशांच्या मेंदूवर मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकणारी एक लाट नोंदवली होती. माझी रेघ म्हणजे अशीच लाट मेंदूच्या मागच्या भागावरून सरकताना दिसते. आता ती आली की मी तिचा वेग बघते. वीस-पंचवीस मिनिटांत ती कडेला जाते. तोवर गोळी घेऊन झालेली असते आणि घाबरण्यात वेळ गेलेला नसतो.

आता तुमच्या फुल्या. मोठी ७ आणि छोटी ९ मिळून १६ दिवस झाले, आणि १३ दिवस गोळी. महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, आणि एकत्रित औषधांच्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस घेतल्या जातायत, तेही तीन महिन्यांहून अधिक, तर गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकेदुखी वाढत असण्याची दाट शक्यता असते. नुसत्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा १५ दिवसांची आहे, तुमच्यासारख्या मिश्र गोळीला १०. पाकिटामागे अर्गोटामीन (अर्धशिशीचं एक जुनं औषध) लिहिलंय का बघा, त्यालाही १० च. निदान मी करत नाही, ते माझं काम नव्हे. पण इगतपुरीच्या आधी न्यूरॉलॉजिस्ट, ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि ते कालनिर्णय भिंतीवरून काढून बरोबर न्या. अशी नोंद घेऊन येणारा रुग्ण क्वचित भेटतो.

तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा अभ्यास मिलानच्या बेस्ता संस्थेचा आहे, २०२३ चा. १७७ रुग्ण, सगळे जुनाट मायग्रेन अधिक गोळ्यांचा अतिवापर असलेले. सगळ्यांच्या गोळ्या आधी देखरेखीखाली सोडवल्या, योग्य प्रतिबंधक औषध दिलं. अर्ध्या जणांना वर सहा आठवडे सजगतेचे वर्ग आणि घरी रोज ७ ते १० मिनिटं सराव. वर्षाने बघितलं तर डोकेदुखी निम्मी किंवा त्याहून कमी झालेले ध्यानाच्या गटात ७८ टक्के, दुसऱ्या गटात ४८. आधी गोळ्या सुटल्या, मग ध्यानाने साथ दिली, हा क्रम महत्त्वाचा.


रानजाई
सोमवार, दुपारी १.३०

विदा, फार मनापासून लिहिलंत. माझी एक प्रामाणिक शंका. हे सगळं शेवटी विश्वासाचंच फळ नाही का? साखरेची गोळी दिली तरी काहींना बरं वाटतं. माझी आई डोकं दुखलं की अंधाऱ्या खोलीत रामनाम घेत पडायची आणि तासाने उठून पोळ्या लाटायची. तिला ध्यान हा शब्दही माहीत नव्हता. मग नामस्मरण आणि हे सजगतेचं ध्यान यात फरक काय?


विदा
सोमवार, रात्री ८.१५

रानजाई, तुमच्या आईंचं वाचून माझ्या आजीची आठवण झाली. तीही तशीच होती.

पहिल्या शंकेवर थेट प्रयोग झालाय, पण निरोगी माणसांवर आणि चटक्याच्या वेदनेवर, मायग्रेनवर नव्हे. फादेल झैदान या संशोधकाने २०१५ मध्ये ७५ जणांचे गट केले: खरं सजगतेचं ध्यान, नुसतं 'खोल श्वास घ्या, हे ध्यान आहे' असं सांगितलेलं खोटं ध्यान, आणि वेदनाशामक म्हणून दिलेलं पण आत काही नसलेलं मलम. ४९ अंशांचा चटका. मलमाने आणि खोट्या ध्यानानेही वेदना कमी झाली, म्हणजे विश्वासाचं फळ असतंच. पण खऱ्या ध्यानाने ती त्याहून जास्त कमी झाली, आणि मेंदूच्या चित्रांत मलमापेक्षा वेगळे भाग कामाला लागलेले दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी नॅलोक्सोन दिलं. शरीर स्वतः तयार करतं त्या अफूसारख्या द्रव्यांची वाट हे औषध अडवतं. तरी ध्यानाचा परिणाम टिकला.

नामस्मरणाबद्दल तर एक अभ्यास मला फार आवडतो. २००८ मध्ये अमेरिकेत एमी वॉखहोल्ट्झ आणि केनेथ पार्गमेंट यांनी वारंवार मायग्रेन होणाऱ्या ८३ जणांचे चार गट केले. रोज वीस मिनिटं, महिनाभर. एका गटाने 'देव शांती आहे' अशा धर्तीचं वाक्य मनात घोळवायचं, दुसऱ्याने 'मी समाधानी आहे' असं, तिसऱ्याने 'गवत हिरवं आहे' असं. चौथ्याने फक्त स्नायू सैल सोडायचे. देवाचं वाक्य घेणाऱ्या गटात डोकेदुखी सगळ्यात कमी झाली आणि वेदना सोसण्याची क्षमता सगळ्यात वाढली. अभ्यास लहान आहे, महिन्याभराचाच आहे, त्यावर इमारत उभारू नये. पण तुमच्या आईंचं रामनाम 'गवत हिरवं आहे' पेक्षा वेगळं काम करत असेल, असं मानायला त्यात जागा आहे. ज्या शब्दाशी आपलं नातं आहे, तोच घ्यावा.


तालुका_डॉक्टर
मंगळवार, रात्री ११.१०

बाई, ओपीडी संपवून उशिरा लिहितोय, म्हणून थोडक्यात. विदा यांनी गोळ्यांबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. त्यात एवढंच जोडतो: अशा गोळ्या बंद केल्यावर पहिले २ ते १० दिवस डोकेदुखी वाढते, मळमळ होते, झोप उडते. शिबिर आहे दहा दिवसांचं. गोळ्या सोडायच्या आणि शिबिराला बसायचं हे एकाच वेळी केलंत तर सगळ्यात वाईट दिवस तुम्ही बिनजेवणाच्या संध्याकाळी, मौनात, घरापासून दूर काढाल. मग ध्यानालाच दोष द्याल आणि पुन्हा कधी बसणार नाही. गोळ्या कशा थांबवायच्या ते डॉक्टर औषध बघून ठरवतील.

आणखी एक, सगळ्यांसाठी. क्षणात सुरू होऊन टिपेला पोचलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर ध्यान नको, गोळी नको, लगेच रुग्णालय.


गोदाकाठ
पाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.४०

तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण काही सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पाकिटामागे अर्गोटामीन होतंच. नाशिकला न्यूरॉलॉजिस्टकडे गेले, कालनिर्णयची सहा पानं पिशवीत घालून. त्यांनी ती टेबलावर पसरून एकेक चौकोन बोट ठेवून बघितला, वीस मिनिटं. १६ वर्षांत पहिल्यांदा कुणी ती टिंबं वाचली. निदान विदा म्हणाल्या तेच निघालं. ती गोळी बंद, रात्रीची एक प्रतिबंधाची सुरू, आणि फार उठलं तर घ्यायची वेगळी गोळी, आठवड्याला दोन दिवसांच्या आत.

चौथा ते सातवा दिवस फार वाईट गेला. डॉक्टरदादा, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर पाचव्या दिवशी मी जुनी गोळी आणायला मुलाला पिटाळलं असतं. त्या रात्री न्हाणीच्या पायरीवर बसून होते. ध्यान जमलं असं म्हणवत नाही, पण विदा म्हणाल्या तसं 'दुखतंय' एवढंच धरून ठेवलं, उद्याच्या शाळेचं येऊ दिलं नाही. शब्द मात्र माझ्या आईचाच घेतला, 'विठ्ठल'. श्वास आत, श्वास बाहेर. कधीतरी पहाटे झोप लागली.

शेवटच्या तीस दिवसांत ५ मोठी टिंबं, ६ छोटी, ४ फुल्या. हे औषधाने, गोळी सुटल्याने, की पहिल्या चाचणीतल्या दहा मुलांसारखं, ते आज ठरवता येणार नाही हे मला कळतं. इगतपुरीचा फॉर्म भरला नाही. उन्हाळ्यात बघू, असं भावाला सांगितलंय.

आणखी एक सापडलं. ती सहा पानं घरी परत लावताना चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या चौकोनांकडे लक्ष गेलं. सहा संकष्ट्यांपैकी पाचींना, त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठं टिंब. मी संकष्टी कडक करते, चंद्रोदयापर्यंत फक्त चहा, आणि चंद्र उगवायला नऊ वाजून जातात. सोळा वर्षं मी ती टिंबं काढत होते आणि शेजारचा छापील आकडा वाचत नव्हते. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली, काही बोलल्या नाहीत. या संकष्टीला दुपारी शाळेतून आले तर भगर आणि दाण्याची आमटी झाकून ठेवलेली होती. म्हणाल्या, "खा. गणपती काही उपाशी मार म्हणत नाही."

तो चौकोन कोरा राहिला. एकाच चौकोनावरून मी काही म्हणणार नाही, पुढच्या पाच बघते.

विदा, एक विचारायचं होतं. बसलेल्या दिवसांची नोंद करायला हिरवं पेन आणलंय. पण वीस मिनिटं सलग मिळत नाहीत. पहाटे दहा आणि शाळेतून आल्यावर दहा, असं चालेल का? आणि दुखणं चालू असताना बसावं, की फक्त बऱ्या दिवशीच?